भरमाची दुसरी धाव

पॅड सोडून मी नुकताच तंबूत टेकलो होतो. चहाचा कप तोंडाला लावणार, तोच अण्णा हुपरे समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शशा, बांध परत."

मी मैदानाकडे पाहिलं. मधोमध मॅटवर भरमा कमते मांडी धरून बसला होता आणि समोरच्या जयसिंगपूर संघातले दोघं जण त्याचा पाय सरळ करायला बघत होते. पाय सरळ होत नव्हता.

"शीर चढली त्याची," अण्णा म्हणाले. "खेळतो म्हणतोय, पण पळता येत न्हाई. तू जा पळायला. त्यानंच तुझं नाव घेतलंय. शशासारखं पळणारं आपल्यात कोण न्हाई म्हणाला."

तेव्हा तशी सोय होती. फलंदाजाचा पाय गेला तर तो जागेवर उभा राहून चेंडू मारायचा आणि त्याच्या वतीनं संघातला दुसरा कुणी पळायचा. पळणारा शक्यतो आधी बाद झालेलाच असावा लागे, आणि त्यानंही पॅड, हातमोजे, बॅट असा सगळा जामानिमा करूनच आत जायचं. धाव मोजायची ती मारणाऱ्याच्या नावावर. पळणारा धावबाद झाला तर बादही मारणाराच. आता मोठ्या क्रिकेटमधून ती सोय गेली आहे. गेली ते बरं झालं असं म्हणणाऱ्यांत मी आहे, पण माझं कारण वेगळं आहे आणि ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

ही १९८६ सालच्या मार्चमधली गोष्ट. इचलकरंजीत आमचा मित्रविहार क्लब होता आणि त्या दिवशी वसंत ढालीचा अंतिम सामना होता. ढाल म्हणजे लाकडावर ठोकलेला चांदीच्या पाण्याचा एक पत्रा, पण आमच्या पंचक्रोशीत तिची किंमत फार. मित्रविहारनं पाच वेळा अंतिम सामना खेळला होता आणि पाचही वेळा हरला होता, त्यातले तीन याच जयसिंगपूरकडून. पाचही वेळा यष्टीमागे अण्णाच होते. अण्णा सुताचे दलाल, वय त्रेचाळीस, गुडघे कामातून गेलेले. हा आपला शेवटचा मोसम असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी मैदानावर येताना ते नवा कोरा पांढरा शर्ट घालून आले होते, आणि त्यावरून कुणी त्यांची थट्टा केली नाही, यातच सगळं आलं.

जयसिंगपूरनं चाळीस षटकांत दोनशे तीन केल्या होत्या. आमच्या अठ्ठ्याहत्तर झाल्या असताना मी चौथा बाद झालो. माझ्या तेवीस धावा, त्याही रडतखडत. माझ्या कितीतरी नंतर आलेला भरमा तेव्हाच एकतीसवर होता. हा आकडा मला पक्का माहीत आहे, कारण पॅड पुन्हा बांधता बांधता मी दातार मास्तरांना तो विचारून घेतला. दातार मास्तर म्हणजे आमचे गुणलेखक. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रंगीत पेन्सिलींनी इतकी सुबक वही ठेवायचे की हरलेला सामनासुद्धा त्यांच्या वहीत देखणा दिसायचा.

मास्तरांना मी तो आकडा का विचारला, ते सांगायलाच हवं.

आमच्या क्लबात एक रिवाज होता. मोसमात सगळ्यात जास्त धावा करणाऱ्याला शेवटच्या सामन्यानंतर हार घालायचा. अध्यक्षांनी नाही, पाहुण्यांनीही नाही. तो घालायचा धावांत दुसरा आलेल्यानं. पहिल्याचा मान आणि दुसऱ्याचा मोठेपणा, दोन्ही एकदम दिसावं म्हणून जुन्या लोकांनी हे काढलं असणार. बरोबरी झाली तर हार आदल्या वर्षीच्या मानकऱ्याकडेच राहायचा. मी हा हार चार वर्षं सलग घेतला होता. पाच वर्षं सलग तो कुणाच्याच गळ्यात पडला नव्हता, आणि पाचव्याला क्लबच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी लावायची असं कार्यकारिणीत ठरलेलंही होतं. माझं वय तेव्हा सत्तावीस. त्या पाटीचं मला किती वेड लागलं होतं हे आज सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. मोकळ्या भिंतीवर पाटी कुठे बसेल, ते मी दोनदा जाऊन पाहून आलो होतो.

माझ्या त्या सामन्यातल्या तेवीस धरून मोसमात चारशे शहाऐंशी झाल्या होत्या. भरमाच्या त्या सामन्याआधी चारशे दोन. म्हणजे मला मागं टाकायला त्याला या एका डावात पंच्याऐंशी करायला हव्या होत्या. बाद होऊन परतताना हे गणित मांडून मी निर्धास्त झालो होतो, कारण भरमानं जन्मात कधी साठच्या पुढे मजल मारली नव्हती.

आणि आता त्याच्यासाठी पळायला मीच निघालो होतो.

भरमाबद्दलही सांगतो. तो आमच्याच शेडमध्ये जॉबर होता. वडिलांचे चोवीस माग होते, आणि माग बिघडला की तेलात हात घालून तो दुरुस्त करणारा तो भरमा. शेडमध्ये तो मला धाकटं मालक म्हणायचा. मैदानावर मात्र सरळ शशा, आणि चुकलो की शिवीसकट शशा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला कधी खटकलं नव्हतं. उलट मैदानावर तो मला अरे-तुरे करतो याचा मला अभिमान होता. मी किती साधा आहे, हे त्यातून लोकांना दिसतं असं मला वाटायचं.

मी आत गेलो तेव्हा तो उभा राहिला होता. मला बघून हसला आणि म्हणाला, "आलास? म्या नुसता मारतो. बाकी सगळं तुझं."

पहिली पाच-सहा षटकं मी जीव खाऊन पळालो, हे प्रामाणिकपणे सांगतो. भरमा जागेवर उभा राहून चेंडू ढकलायचा आणि मी त्याच्या बाजूनं, मॅटपासून चार हात लांब, काळ्या मातीवरून पळायचो. मार्चमध्ये आमच्या मैदानाला भेगा पडायच्या, त्या चुकवत पळावं लागे. एकेरीच्या दोन होत होत्या. दोन वेळा तर क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू असताना मी धाव चोरली आणि तंबूतून टाळ्या आल्या. अण्णांनी उभं राहून हात हलवला. दुसऱ्याच्या धावा पळण्यातही इतकी मजा असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग भरमाची पन्नाशी झाली, आणि मी मोजायला लागलो.

मैदानावरच्या फळ्यावर संघाच्या धावा, बाद किती आणि शिल्लक षटकं एवढ्याच पत्र्याच्या पाट्या लागायच्या. कुणाच्या किती ते दातार मास्तरांच्या वहीत. त्यामुळे मी मनातच हिशेब ठेवला. एकतीस मला माहीतच होत्या. त्यापुढची प्रत्येक धाव माझ्याच पायांनी काढलेली होती, तेव्हा चुकायचा प्रश्नच नाही असं मी धरून चाललो. पळायचं, वळायचं, जागेवर यायचं आणि आकडा पुढे सरकवायचा. सहासष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर. पलीकडून गडी बाद होत होते, नवा येत होता, पण भरमा एका पायावर उभा होता.

बाहत्तरच्या सुमाराला पाणी आलं. भरमा ग्लास घेऊन माझ्याजवळ आला. त्याच्या ओठांवर पांढरं पडलं होतं, मांडी कपड्यावरूनही सुजलेली दिसत होती. तो म्हणाला, अण्णांकडं बघून मला लई बेकार वाटतंय, काय बी करून ही ढाल आज न्यायचीच. मी हो म्हणालो. त्याच वेळी माझ्या डोक्यात चाललं होतं की अजून तेरा. मी हो म्हणताना त्याच्या तोंडाकडं पाहू शकलो नाही. नीच विचार मनात आला की माणसाला तो कळतो, कळत नाही असं जे म्हणतात ते आपलं सोयीचं असतं.

तिथून पुढं माझे पाय जड झाले. मी कुठे कमी पळालो असं नाही, पण प्रत्येक धाव म्हणजे माझ्याच हारातली एक पाकळी मीच तोडून त्याला देतोय, असं वाटायला लागलं. त्याला धावा मी मिळवून द्यायच्या, पुढं मान त्याचा, आणि वर शेवटी हार त्याच्या गळ्यात मीच घालायचा. आमच्या जॉबरच्या गळ्यात. हा शेवटचा विचार माझ्या मनात आला, आणि मला तो आल्याचं आश्चर्यही वाटलं नाही. मी किती साधा आहे याबद्दल माझी जी समजूत होती, तिची किंमत तेवढीच होती.

एकोणचाळिसावं षटक सुरू झालं तेव्हा आठ बाद झाले होते. दुसऱ्या बाजूला दहाव्या क्रमांकाचा सुभाना लायकर, त्याला बॅट धरता येत होती एवढंच. पहिल्या दोन चेंडूंवर भरमानं तीन पळवल्या, म्हणजे मी पळालो, मग सुभानानं एक काढून त्याला पुन्हा समोर आणलं. फळ्यावर दोनशे लागले. जिंकायला चार हव्या होत्या आणि नऊ चेंडू बाकी होते. तंबूजवळचे लोक दोरीच्या आत आले होते आणि अण्णा एका जागी उभं राहायला तयार नव्हते.

माझ्या हिशेबानं भरमा त्र्याऐंशीवर होता. एक धाव, म्हणजे बरोबरी. बरोबरीत हार माझाच. दोन, म्हणजे तो पुढे.

पुढचा चेंडू आखूड पडला. भरमानं तो कव्हरमधून खोल ढकलला आणि ओरडला, "दोन हाईत शशा, दोन!"

दोन होत्याच. निवांत होत्या. सीमारेषेवरचा पोरगा आडवा पळत होता आणि चेंडू त्याच्यापासून अजून लांब होता. पहिली धाव मी नेहमीसारखी पळालो, बॅट टेकवली आणि वळलो. आता मला भरमाकडे पळत यायचं होतं. तो क्रीझमध्ये बॅटवर रेलून, माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याला दुसरं काही कामच नव्हतं. तो फक्त मला बघत होता.

वळून तिसऱ्या पावलाला मी पाऊल आखडलं.

थांबलो नाही. थांबलो असतो तर दोरीवरच्या लहान मुलालाही कळलं असतं. एक पाऊल आखडलं, दुसरं आखडलं, मग मान खाली घालून जोरात पळाल्याचं सोंग केलं. चेंडू डोक्यावरून गेला तेव्हा मी सहा हात लांब होतो. यष्टिरक्षकानं बेल्स उडवल्या तेव्हा तीन हात. तिथं मी गुडघ्यावर आलो, हात टेकले, आणि मागं वळून जमिनीकडे पाहिलं, जणू काही तिनंच मला दगा दिला.

पंचांचं बोट वर गेलं. मी वर पाहिलं तर भरमा तसाच बॅटवर रेलून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मी ज्या जमिनीकडे पाहत होतो तिकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मी त्याला खांदा द्यायला पुढे झालो तर म्हणाला, येतो माझा मी. आणि तंबूपर्यंत पाय ओढत एकटा चालत गेला.

शेवटचा गडी आला, त्यानं दुसऱ्याच चेंडूवर बॅट आडवी फिरवली आणि मधली यष्टी गेली. दोनशे एक. दोन धावांनी हरलो. जयसिंगपूरची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. अण्णा तंबूच्या खांबाला धरून उभे होते. रडत नव्हते, नुसते खांबावरून हात फिरवत होते.

आम्ही गेलो तसा भरमा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि माझ्याआधी बोलला.

"माझी चूक, अण्णा. दुसरी न्हवतीच. म्या उगंच हाक दिली."

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी मला नुसतं गप्प राहता आलं असतं. तेवढं जरी केलं असतं तरी आजचं ओझं थोडं हलकं असतं. पण भरमाकडे दोष जाताना बघून मला मोठेपणा दाखवायची हुक्की आली. मी म्हणालो, "त्याची कसली चूक, अण्णा. भेगेत बूट अडकला माझा."

झालं. क्षणात सगळ्यांनी मला घेरलं. कुणी घोटा चाचपून बघितला, कुणी पाणी आणलं, कुणी मैदानाच्या नावानं बोटं मोडली. अण्णा स्वतः माझ्यासमोर खाली बसले, त्या गेलेल्या गुडघ्यांवर, आणि विचारलं, "लागलं न्हाई ना रे जास्त?" मी म्हणालो, नाही, थोडंसंच. आणि उठताना जरा लंगडलो. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं? कुणाच्याच नाही. आपोआप आलं.

साडेपाचला मैदानावरच मांडवात बक्षीस समारंभ झाला. ढाल जयसिंगपूरनं नेली. मग आमच्या क्लबचं घरचं काम उरलं. दातार मास्तर चष्मा पुसून वही घेऊन उभे राहिले. माझा हिशेब तयार होता, दोघांच्या चारशे शहाऐंशी, बरोबरी, हार माझा. मास्तरांनी आधी दुसऱ्याचं नाव वाचलं, तशीच पद्धत होती.

"भरमा कमते, आजच्या ऐंशी धरून चारशे ब्याऐंशी."

मला वाटलं, मास्तर चुकले. पुढं त्यांनी माझं नाव घेतलं, चारशे शहाऐंशी, सलग पाचवं वर्ष, टाळ्या झाल्या. मी उठून पुढे गेलो तरी डोक्यात चार धावांचा फरकच फिरत होता. ऐंशी कशा? मी पळालो होतो चौऱ्याऐंशीपर्यंत. प्रत्येक धाव माझ्या पायांनी मोजलेली होती.

भरमा हार घेऊन आला. मांडीला फडकं करकचून बांधलेलं होतं. हार घालायला तो जवळ झाला, माझी मान वाकली, आणि तो कानाशी हळू आवाजात म्हणाला, "मोजत म्याबी हुतो, धाकटं मालक. त्यातल्या चार पॅडवरच्या हुत्या. त्या माझ्यात धरत न्हाईत."

एवढं बोलून त्यानं हार नीट केला, मागं अडकलेली माझी कॉलर सोडवली आणि जाऊन जागेवर बसला.

पॅडवरच्या. बॅटला न लागता पायाला लागून गेलेल्या चेंडूवरची धाव संघाला मिळते, फलंदाजाला नाही. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी चौदा वर्षं खेळत होतो. पण चेंडू कुठं लागला, पंचांनी गुडघ्याला हात लावून खूण केली की नाही, ते पाहायला मी उभा होतो कुठे? मी पळत होतो आणि अधाशासारखा मोजत होतो. म्हणजे दुसऱ्या धावेच्या वेळी तो फक्त ऐंशीवर होता. राहिलेल्या सगळ्या धावा एकेरी-दुहेरी करून त्यानंच काढल्या असत्या, ढाल अण्णांच्या हातात आली असती, तरी भरमाच्या पंच्याऐंशी झाल्या नसत्या. हारही माझा राहिला असता आणि ढालही आमची. मी एक आखूड पाऊल टाकून जे वाचवलं, ते कधी जाणारच नव्हतं.

आणि त्याला हे सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. मला बघत क्रीझमध्ये उभा होता तेव्हाही.

रिवाजाप्रमाणे मानकऱ्यानं दोन शब्द बोलायचे होते. मी उभा राहिलो. समोर खुर्च्यांवर अण्णा, मास्तर, माझे वडील, आणि शेवटी पाय लांब करून बसलेला भरमा. मनात आलं, आत्ता बोलावं. एका वाक्याचं काम होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे की, हा हार माझा नसून संघाचा आहे, आणि भेगेत बूट अडकला नसता तर आज चित्र वेगळं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भरमानंही वाजवल्या. माझ्या कानशिलात कुणी चार लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मैदानावरही त्यानं मला कधी शशा म्हटलं नाही. धाकटं मालक, तेही सगळ्यांसमोर. पोरं हसायची, त्यांना वाटायचं तो गंमत करतोय. पाटीचं काम पुढं कार्यकारिणीनं पुरं केलं. उद्घाटनाला मी ताप आल्याचं सांगून घरी बसलो. अण्णांनी त्या मोसमानंतर हातमोजे ठेवले आणि सात वर्षांनी गेले. ढाल त्यांच्या हयातीत मित्रविहारला मिळाली नाही. त्यांच्या मयतीला खांदा देणाऱ्यांत मी होतो.

पण मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते असं विचाराल, तर ती त्या पावलाची नाही, भाषणाचीही नाही. ती पुढच्या रविवारची आहे.

रविवारी सकाळी अण्णांनी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. पदरमोड करून एक ट्रॅक्टर मुरूम आणून टाकला होता. म्हणाले, आपली ढाल एका भेगेनं नेली, आता दुसऱ्या कुणाचा पाय अडकायला नको, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी जमीन भरून घेऊ. फावडी, घमेली आली. पोरं लागली कामाला. भरमाही आला होता. पाय अजून ओढतच होता, अण्णांनी बस म्हटलं तरी ऐकेना. त्यानं एक घमेलं भरून खांद्यावर घेतलं आणि तो माझ्या पाठोपाठ पट्टीवर येऊन उभा राहिला.

अण्णा माझा दंड धरून मला त्या जागेवर घेऊन आले. किती मायेनं आणलं त्यांनी. वाकून जमीन न्याहाळत विचारलं, "नेमकी कुठली रे शशा? तीच आधी बुजवू."

जमिनीला बारीक बारीक वीसेक भेगा होत्या. एकाही भेगेत बूट जाईल इतकी रुंदी नव्हती. अण्णा वाट बघत होते. माझ्यामागं भरमा खांद्यावर घमेलं घेऊन, एका पायावर भार देऊन उभा होता. तो काही बोलला असता तर मी सुटलो असतो. मी वाकलो, त्यातल्या त्यात मोठी एक भेग शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"ही," मी म्हणालो.

भरमानं पुढं होऊन घमेलं तिच्यावर उपडं केलं आणि चांगल्या पायानं तो मुरूम दाबत राहिला, अण्णा पुरे म्हणेपर्यंत.